गाडीवरची अक्षरे

विद्यार्थी मित्रांनो, उद्या शाळेला येताना रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे थांबा. समोरून जाणाऱ्या गाड्या नुसत्या पाहू नका, त्या वाचा. आपल्या पुलगावात असे वाचन भरपूर मिळते. दुधाची गाडी जाईल, तिच्यावर डेअरीचे नाव असेल. गॅस सिलिंडरचा टेम्पो जाईल. कापसाचा हंगाम असेल तर गाठी भरलेले ट्रक दिसतील. आर्वीकडे किंवा वर्ध्याकडे निघालेली एस. टी. येईल. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर तर हमखास दिसेल. या प्रत्येक गाडीवर कोणी ना कोणी काहीतरी लिहिलेले असते. ते कोण लिहितो? कसे लिहितो? आणि लिहिताना चुकले तर काय होते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः देऊ शकतो, कारण ती चूक मीच केली होती.

मी तेव्हा नववीत होतो. माझ्या मामूंनी एक जुना टँकर विकत घेतला होता. त्याला नवा निळा रंग दिला आणि त्यावर नाव घालण्यासाठी पेंटरला बोलावले. मामूंचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. त्यांनी मला कागद दिला आणि म्हणाले, "तू मराठी शिकतोस ना? मग काय लिहायचे ते नीट लिहून दे." मी मोठ्या दिमाखाने लिहिले, 'पिण्याचे पानी'. पेंटरने ते जसेच्या तसे टँकरच्या दोन्ही बाजूंवर उतरवले. अक्षरे दीड फूट उंच होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याने आणि शेजारच्या बाजाराने ती वाचली. जो तो हसत होता. मामूंनी पेंटरला विचारले, "भाऊ, हे काय झाले?" तो शांतपणे म्हणाला, "कागदावर होतं तेच मी लिहिलं, भाऊ."

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. आपण घरी 'पानी' म्हणतो, मराठीत 'पाणी' म्हणतात. उर्दूत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. 'न' आणि 'ण' या दोघांचे काम एकटा 'नून' करतो, 'ल' आणि 'ळ' यांचे काम 'लाम' करतो. त्यामुळे आपले कान आणि हात येथे फसतात. पण मराठीत एवढ्याने अर्थ पालटतो. 'मन' म्हणजे दिल आणि 'मण' म्हणजे चाळीस शेरांचे जुने वजन. 'वेल' मांडवावर चढतो, 'वेळ' घड्याळात असते. फळांच्या हातगाडीवर 'ताजी केळी' ऐवजी 'ताजी केली' लिहिले, तर वाचणारा विचारेल, काय केली? वहीत अशी चूक झाली तर शिक्षक लाल खूण करतात आणि विषय संपतो. टँकरवरची चूक मात्र गावभर फिरते.

'न'चा 'ण' करणे सोपे असेल असे मला वाटले होते. एक दांडी जोडली की झाले! पेंटर हसला. दोन्ही अक्षरांची घडणच वेगळी आहे. त्याने ती सगळी ओळ निळ्या रंगाने पुसून टाकली आणि रंग सुकेपर्यंत टँकर उभा ठेवायला सांगितले. दोन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या. मामू मला एक शब्दही बोलले नाहीत. मला मात्र इतकी लाज वाटली की ते दोन दिवस मी शाळा सुटताच पेंटरजवळ जाऊन बसत होतो. गाडीवरच्या अक्षरांविषयी मला जे कळते, त्याची सुरुवात तेथे झाली.

त्याने पहिली गोष्ट सांगितली ती अशी : दुकानाची पाटी एका जागी उभी असते. ती वाचण्यासाठी माणूस थांबू शकतो. गाडीवरची पाटी मात्र पळत असते. किती पळते, याचा हिशेब आपण करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा टेम्पो एका सेकंदात सुमारे ११ मीटर जातो. त्याच्या बाजूवरची अक्षरे तुम्हांला ३० मीटरपर्यंत नीट दिसतात असे धरले, तर वाचायला पुरते तीन सेकंदही मिळत नाहीत. आपल्या वर्धा जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तो एका सेकंदात २२ मीटर जातो. तेथे दीड सेकंदही हाती लागत नाही. म्हणून गाडीवर शब्द थोडे हवेत. कोणाची गाडी, काय माल आणि कोठे मिळेल, एवढे पुरे. पुष्कळ मालक मात्र पैसे दिले आहेत म्हणून गाडीचा कोपरा न् कोपरा भरून घेतात. मग त्यातले काहीच कोणी वाचत नाही.

अक्षर केवढे असावे, यालाही हिशेब आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. चांगल्या नजरेच्या माणसाला ६ मीटर अंतरावरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. अंतर दुप्पट झाले तर अक्षरही दुप्पट उंच लागते. आता मोटारीची नंबरप्लेट घ्या. कायद्याप्रमाणे मोटार, ट्रक आणि बस यांच्या नंबरप्लेटवरील अक्षरे ६५ मिलिमीटर उंच आणि त्यांच्या रेषा १० मिलिमीटर जाड असाव्या लागतात. दोन अक्षरांमध्येही १० मिलिमीटर जागा सोडावी लागते. त्रैराशिक मांडून पाहा. उभ्या गाडीचा नंबर सुमारे ४३ मीटरपर्यंत वाचता येईल, असे उत्तर येते. गाडी धावत असेल, धूळ असेल, संध्याकाळ असेल, तर हे अंतर पुष्कळ कमी होते.

आता पेंटरचे काम पाहू. रंगाचा डबा उघडण्याआधी तो दोऱ्याला खडूची भुकटी चोळतो. दोरा दोन्ही टोकांना ताणून धरतो आणि मध्ये चिमटीत उचलून सोडतो. टप्प असा आवाज होतो आणि पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. हीच पुढे देवनागरीची शिरोरेषा होते. तिच्याखाली खडूने अक्षरे हलकेच आखायची. ओळ जागेत मावते की नाही ते दूर जाऊन पाहायचे. आमचा पेंटर रस्त्याच्या पलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहत असे. ओळ मावत नसेल तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा आखायची. मग मऊ, लांब केसांचा ब्रश ऑइलपेंटमध्ये बुडवून बाह्यरेषा काढायची आणि शेवटी आतला भाग भरायचा. हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात एक काठी आडवी धरतात आणि उजवे मनगट तिच्यावर टेकवतात. अक्षर उठून दिसावे म्हणून त्याच्या एका कडेला गडद छाया देतात. त्याला पेंटर लोक 'शेड' म्हणतात. शेड सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला हवी, कारण सूर्य एकाच बाजूला असतो.

लिपी बदलली की आखणीही बदलते. इंग्रजीची मोठी अक्षरे दोन रेघांच्या मध्ये बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांसाठी जागा लागते, खाली उकारासाठी लागते. नवशिका पेंटर ही जागा सोडायला विसरतो. मग 'दूध' या शब्दातला उकार पत्र्याच्या कडेवरून खाली घसरतो. (हा शब्द पुष्कळ गाड्यांवर 'दुध' असा चुकीचा लिहिलेला असतो. 'दूध' दीर्घ, पण 'दुधाचा' ऱ्हस्व. तसेच 'फूल' आणि 'फुलांचा'. पाहा, तुम्हांला किती गाड्यांवर सापडते.) आपली नस्तालीक लिपी आणखी वेगळी. तिच्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि तिरपा खाली उतरत जातो. म्हणून उर्दू नावाला उंची जास्त द्यावी लागते.

आता एक गंमत सांगतो. ही मला पेंटरने सांगितली नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती मीच शोधून काढली. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून कडेला उभे असताना आपल्या जवळून जाणाऱ्या गाडीची डावी बाजू आपल्याला दिसते. त्या वेळी गाडीचे तोंड आपल्या डाव्या हाताला असते. त्यामुळे मराठी किंवा इंग्रजी नावाचे पहिले अक्षर आधी समोर येते आणि शेवटचे शेवटी. पलीकडून उलट दिशेने जाणाऱ्या गाडीची उजवी बाजू दिसते. तेथे नावाचे शेवटचे अक्षर आधी येते. उर्दूचे अगदी याच्या उलट होते. उर्दू नाव गाडीच्या उजव्या बाजूवर लिहिले, तर त्याचे पहिले अक्षर आधी येते. वहीवर एक ट्रक काढा, दोन्ही बाजूंना नाव लिहा आणि कागद सरकवून पाहा, म्हणजे पटेल.

रुग्णवाहिकेच्या समोरची इंग्रजी अक्षरे तर मुद्दामच उलटी लिहितात. पुढे चाललेल्या गाडीचा चालक मागचे दृश्य आरशात पाहतो. आरशात डावे-उजवे पालटते, म्हणून उलटी अक्षरे त्याला सुलटी दिसतात आणि तो लगेच वाट देतो. अशी अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे!

रंगांचेही असेच आहे. गडद रंगावर फिकट किंवा फिकट रंगावर गडद अक्षर दुरून दिसते. हिरव्यावर निळे किंवा लालवर तपकिरी दिसत नाही. नंबरप्लेटचे रंग कायद्याने ठरवलेले आहेत आणि त्यांवरून गाडी कोणत्या कामाची ते कळते. खाजगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरे काळी. भाड्याने चालणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी. रात्री ट्रकच्या कडेला जी पट्टी चमकते तिला आपल्याकडे सगळे 'रेडियम' म्हणतात. रेडियम या धातूशी तिचा काही संबंध नाही. आपल्या गाडीचा दिवा तिच्यावर पडला की ती तो प्रकाश परत पाठवते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल. अंधारात समोरच्या गाडीची कोणती बाजू दिसते आहे, हे या रंगांवरून ओळखता येते.

नंबरप्लेटवरची अक्षरे इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच असावे लागतात. आपल्या जिल्ह्याची खूण 'एमएच ३२', नागपूर शहराची 'एमएच ३१'. काही तरुण नंबर वाकवून त्याचे शब्द करतात. ८०५५ हे इंग्रजी आकडे थोडे वळवले की 'बॉस' असे दिसते. हा गुन्हा आहे, त्यासाठी दंड होतो. शिवाय गाडी कोणाला धडकून पळाली, तर पाहणाऱ्याला नंबर सांगता येत नाही. ७८६ हा क्रमांक मिळावा म्हणून आपल्यातले काही लोक परिवहन कार्यालयात जास्तीचे शुल्क भरतात. तो कायद्याने मिळतो. हौसेला मोल नसते, पण त्याचेही आकडे सरळ आणि नियमाप्रमाणेच हवेत.

ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द तुम्ही वाचले असतील. यातला 'ओके' कोठून आला, याच्या निरनिराळ्या कथा चालक सांगतात. एका कथेत रॉकेलवर चालणाऱ्या गाड्या येतात, तर दुसरीत ओके नावाचा साबण. ऐकायला मौज वाटते, पुरावा कोणी देत नाही. महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी ३० एप्रिल २०१५ रोजी हे शब्द लिहिण्यास मनाई केली. ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात आणि गोंगाट वाढतो, हे त्याचे कारण होते. पुढे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी आणखी एक सूचना दिली. महाराष्ट्रात नोंदवलेल्या व्यावसायिक गाड्यांवरील सामाजिक संदेश आणि जाहिराती गुढीपाडव्यापासून मराठीत असाव्यात, अशी ती सूचना होती. तेव्हा मित्रांनो, 'ण' आणि 'ळ' नीट लिहिणाऱ्याला काम पुष्कळ आहे.

आता थोडे गंभीर बोलू. काही गाड्यांवरची अक्षरे जाहिरातीसाठी नसतात, ती जीव वाचवण्यासाठी असतात. पेट्रोलच्या टँकरवर एक चौकोनी फलक पाहा. अशा धोकादायक मालाच्या गाडीवर मालाचे नाव निदान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आणि त्याचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक निदान १०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यांत लिहावा लागतो. पेट्रोलचा क्रमांक १२०३ आहे, डिझेलचा १२०२. हे क्रमांक जगभर तेच आहेत. फलकावर आग विझवण्याची खूणही असते. पेट्रोलच्या खुणेतील पहिला आकडा ३ असतो. त्याचा अर्थ, फेस मारा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत पुढे जाते आणि आगही त्याच्याबरोबर पसरते. अग्निशामक दलाचा जवान चालकाला विचारत बसत नाही, तो दुरून फलक वाचतो. म्हणूनच अशी गाडी चालवणाऱ्याला इंग्रजी आणि आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील निदान एक भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. त्या अनुसूचीत उर्दूही आहे आणि मराठीही.

एस. टी.मध्ये 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' हे शब्द तुम्ही शंभर वेळा पाहिले असतील. पुढच्या वेळी बसमध्ये बसाल तेव्हा तो मार्ग उघडतो कसा, तेही पाहून ठेवा.

हाताने अक्षरे काढणारे पेंटर आता थोडे उरले आहेत. संगणकावर नाव लिहितात, यंत्र चिकट कागदातून ते कापून काढते आणि मुलगा अर्ध्या तासात ते गाडीवर चिकटवतो. काम स्वस्त होते, झटपट होते आणि दहा गाड्यांवर एकसारखे येते. यात वाईट काही नाही. पण चूक यंत्रही करते. खिडकीत जे टंकलिहिले ते ते कापते, मग तो 'पानी' का असेना. आपल्या उर्दूत हे आधीच घडून गेले आहे. पूर्वी उर्दू वर्तमानपत्राचे प्रत्येक पान कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनावरून नूरी नस्तालीक तयार झाले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि बहुतेक कातिबांचे कलम थांबले.

पाटी रंगवणे हलके काम आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला दोन नावे सांगा. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठे फलक रंगवून पोट भरत होते. आणि गुजरातचे हनीफ कुरेशी. त्यांनी गावोगावच्या पेंटरांकडून त्यांची अक्षरे लिहून घेतली आणि त्यांचे संगणकावर चालणारे टंक तयार केले. त्या टंकांना त्यांनी त्या त्या पेंटरचेच नाव दिले. हनीफ कुरेशी सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. ती अक्षरे राहिली आहेत.

आता मामूंच्या टँकरकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी निळा रंग सुकला. पेंटरने दोरा मारला, रेघ उमटली, आणि तो खडू हातात धरून तसाच उभा राहिला. मामूंना म्हणाला, "भाऊ, एक विचारतो. या टँकरमध्ये तुम्ही पिण्याचंच पाणी नेणार की बांधकामाचंही?"

मामू म्हणाले, "ज्याचे काम मिळेल ते. बांधकामावर नदीचे पाणी चालते."

"मग 'पिण्याचे' हा शब्द मी कसा लिहू? एखादी बाई हा शब्द वाचेल आणि लेकराला तेच पाणी पाजेल. तिला काय माहीत, काल यात काय होतं? तुम्ही ठरवा. 'पिण्याचे' लिहायचं की 'वापराचे'?"

मामू काही बोलले नाहीत. बराच वेळ ते टँकरभोवती फिरत राहिले. बांधकामाचे पैसे जास्त मिळत होते, हे मलाही ठाऊक होते. टँकरचा हप्ता दर महिन्याला भरायचा होता. पेंटर बिडी ओढत सावलीत बसला. त्याने घाई केली नाही.

शेवटी मामू माझ्याजवळ आले. खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "लिही. पिण्याचे पाणी. आणि या वेळी पेंटरभाऊला दाखवून घे."

मी लिहिले. पेंटरने कागद हातात घेतला, 'ण'वर बोट ठेवले, मान हलवली आणि ब्रश रंगात बुडवला. त्यानंतर तो टँकर विकेपर्यंत मामूंनी त्यात बांधकामाचे पाणी कधी भरले नाही.